सीमावासीयाला छंद नसावा काय?

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनाला गेलो होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, माचीगड अशी गावोगावची संमेलने हे सीमाभागाचे खरे वैभव. गावकरी वर्गणी काढून मांडव घालतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळत पोरेपोरी पुढे चालतात, आणि एरवी भांगलणीला जाणाऱ्या बायका दुपारभर उन्हात बसून भाषणे ऐकतात. हे दृश्य पाहिले की अजूनही माझा ऊर भरून येतो, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचे वाचून कुणी मला संमेलनद्वेष्टा ठरवायचा.

तर त्या संमेलनात वरच्या अंगाच्या शहराकडून आलेले एक वक्ते बोलायला उभे राहिले. आवाज भारदस्त, वाणी ओघवती. ते म्हणाले, "भाषेच्या घराला आग लागलेली असताना तुम्ही सिनेनटांची छायाचित्रे खिशात घालून हिंडता? कानडी गाण्यांवर नाचता? जिभेचे चोचले पुरवता? सीमाभागाला आज रसिक नकोत, सैनिक हवेत!" मांडव दणाणून गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाचे हात अशा वाक्यावर आपोआप वाजतात.

त्यानंतर जेवणे झाली. पनीरची भाजी, पुलाव, गुलाबजाम. मांडवापासून हाकेच्या अंतरावर तांबड्या मातीत रताळ्यांचे वेल पसरलेले होते, पलीकडच्या वाफ्यात कोथिंबीर डुलत होती, आणि ताटात मात्र कुठल्याही शहरातल्या मंगल कार्यालयात मिळावे ते जेवण! वक्ते हात धुता धुता संयोजकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बेळगावात कुंदा कुठला चांगला हो? घरच्यांनी आणायला सांगितलंय." एक किलोचा पुडा त्यांच्या गाडीत ठेवण्यात आला.

मी रागावलो नाही. उलट मला तो माणूस त्या क्षणी पहिल्यांदा आवडला. व्यासपीठावर जे बोलला ते त्याने पाठ केलेले होते, कुंदा मात्र त्याच्या मनातला होता. पण घरी परतताना एसटीत विचार आला, की या गृहस्थाला कुंदा चालतो, मग तो आम्हाला का चालू नये? सीमाभागातल्या माणसाने जन्मभर केवळ सोसायचे, आणि सोसता सोसता एखादे गाणे गुणगुणले, एखाद्या नटावर जीव टाकला, भाजीबाजारात वांगी निवडण्यात अर्धा तास घालवला, की तो फितूर? हा न्याय कुणी ठरवला?

मी निपाणीचा. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणी म्हटले की बाहेरच्या माणसाला १९८१ चे शेतकरी आंदोलन आठवते, शरद जोशी आठवतात, रस्त्यावर ठाण मांडलेले तंबाखू उत्पादक आठवतात, तो गोळीबार आठवतो. आठवायलाच हवे. पण त्या तंबाखूच्या वाटेवर शेतकऱ्याच्या पुढे आणखी एक माणूस होते, ते म्हणजे वखारीत चाळणी धरून बसलेली बाई. आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, पापण्यांत, पदराच्या शिवणीत तंबाखूचा खकाणा असे. ती दारात उभी राहून पदर झटकी आणि आम्हा भावंडांना एकदम शिंका सुरू होत. नाकाला फडके बांधूनही तिचा खोकला कधी गेला नाही.

या बाईला एकच छंद होता, सिनेमा. सुट्टीच्या दिवशी ती डोक्यावरून पाणी घेई, ठेवणीतले लुगडे नेसे, आणि मला बखोटीला धरून तंबू असो की टॉकीज, तिथे नेई. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ चा. तो मी आईच्या मांडीवर बसून पाहिला. आणि त्याच हौसेने पाहिला राजकुमारचा 'बंगारद मनुष्य'. हा चित्रपट १९७२ चा, पण आमच्याकडे तो पुन्हा पुन्हा लागे. शहराकडे पाठ फिरवून गावात राहणारा, माळरान फोडून शेती पिकवणारा त्यातला नायक आईला इतका आपला वाटे, की ती त्याला 'राजकुमार' न म्हणता 'आमचा राजू' म्हणायची. आईला कानडी बोलता येत नव्हते. कळत किती होते, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी वखारीत ज्या बायकांनी सिनेमा पाहिलेला नसे, त्यांना ती चाळणी हलवता हलवता सगळी गोष्ट मराठीत सांगायची, आणि त्या बायका योग्य जागी रडायच्या. पुढे मी एम.ए. केले. कथनाचे प्रकार, निवेदकाचे स्थान, असे बरेच काही परीक्षेपुरते घोकले. गोष्ट कशी सांगावी हे मात्र मला वखारीत डबा पोचवायला गेलो असताना कळले होते.

१९८२ साली गोकाक अहवालाच्या अंमलबजावणीसाठी कर्नाटकात चळवळ पेटली आणि तिच्या अग्रभागी राजकुमार आला. आमच्या घरात त्या दिवसापासून त्याचे नाव घ्यायचे नाही असे ठरले. ठरवणारे वडील. ते चळवळीतले कार्यकर्ते, प्रत्येक मोर्चात पुढे. त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. पुढे १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्ध आमची माणसे रस्त्यावर उतरली, गोळ्या झेलून मेली, हे सगळे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. भिंतीवरचे राजकुमारचे कॅलेंडर वडिलांनी उतरवले. आई काही बोलली नाही. चुलीपुढे बसून एवढेच म्हणाली, "त्यो त्याच्या भाषेसाठी भांडतोय, तुमी तुमच्या भाषेसाठी भांडा की. माझा पिक्चर कशाला बंद?"

या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नव्हते. चाळीस वर्षे झाली, आमच्या वक्त्यांकडेही नाही.

आता जे आमच्यापेक्षा शहाणे आहेत ते म्हणतील, मुख्याध्यापक, भावनेत वाहू नका. संस्कृती टिकवायची तर शुद्ध ठेवली पाहिजे. ठीक आहे. शुद्धच पाहू. मराठी रंगभूमीचा जन्म कधीचा? १८४३ चा, सांगलीचा, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'चा. आपण दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. पण भाव्यांना नाटक सुचले कशावरून? उत्तर कन्नडातल्या कर्की गावाची भागवत मंडळी आदल्या वर्षी सांगलीत खेळ करून गेली होती. ते खेळ कानडी. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांना वाटले, असे काही आपल्या मराठीत का होऊ नये? म्हणजे एका मराठी संस्थानिकाने कानडी खेळ आवडीने पाहिला, टाळ्या दिल्या, आणि त्या आवडीतून आमची रंगभूमी उभी राहिली. त्या दिवशी सांगलीच्या दरबारात आमचे वक्ते असते तर त्यांनी चिंतामणरावांना ऐकवले असते, "सरकार, आज रसिक नकोत, सैनिक हवेत!"

मग 'शाकुंतल' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म १८४३ चाच, आणि गाव गुर्लहोसूर, आमच्या बेळगाव जिल्ह्यातले. ज्या संगीत नाटकावर महाराष्ट्र शंभर वर्षे डोलला, त्याचा कर्ता या कानडी मुलखातल्या मातीचा. आणि कुमार गंधर्व? बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. घरची भाषा कानडी. लहान वयात मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसे गाणारे पोर. आजच्या भाषेत बोलायचे तर ते पोर त्या गवयांचे वेडे चाहते होते. त्या कानडी घरातल्या मुलाने पुढे 'मला उमजलेले बालगंधर्व' मैफलीत मांडले आणि मराठी माणसालाच बालगंधर्व नव्याने ऐकायला लावले. चाहतेपणाला उथळ म्हणणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचे काय करायचे ते ठरवावे.

पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते. त्या दिवसांतला बेळगावचा माणूस त्यांनी 'गणगोत'मध्ये रेखाटला, तो रावसाहेब. गाण्याच्या, नाटकाच्या नादाने भारलेला, कानडी हेलाचे मराठी बोलणारा, लिंग-वचनांची गल्लत करणारा. महाराष्ट्राने त्या माणसावर मनापासून प्रेम केले. आणि आमच्या शाळांत? रावसाहेबांसारखे बोलणारे पोर दिसले की आम्ही त्याच्या वहीत तांबड्या शाईने रेघा ओढतो.

तांबडी शाई म्हटली, की मला माझ्याच एका गुन्ह्याची कबुली द्यावी लागते. हा लेख लिहायला बसलो तो खरे म्हणजे त्यासाठीच.

मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मुख्याध्यापक आहे. २०१७ सालची गोष्ट. आदल्याच वर्षी 'सैराट' आला होता, आणि त्या वर्षी त्याचा कानडी अवतार 'मनसु मल्लिगे' आला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. चाली त्याच, अजय-अतुलच्या. शब्द तेवढे कानडी. आमच्या वर्गावर्गात ती गाणी घुमत होती. दहावीच्या वर्गात फेरी मारताना मागच्या बाकावरचा एक मुलगा वही बाकाखाली सरकवताना मला दिसला. वही घेतली. पहिल्याच पानावर चिकटवलेले नटनट्यांचे फोटो. पुढे गाणी. मी वर्गासमोर ती वही उंच धरली आणि म्हणालो, "हे बघा, एस.एस.एल.सी.चा अभ्यास!" वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. वही मी ऑफिसातल्या कपाटात टाकली आणि विसरून गेलो. तो मुलगा कसाबसा पास झाला, त्याने शाळा सोडली, दाखला न्यायला बाप आला.

गेल्या उन्हाळ्यात कपाट बदलायचे म्हणून जुने सामान काढले, तेव्हा ती वही सापडली. फेकण्यापूर्वी चाळली, आणि मग खुर्चीत बसून शेवटपर्यंत वाचली.

डाव्या पानावर मराठी गाणे. उजव्या पानावर तेच गाणे कानडीत, पण देवनागरी अक्षरांत. प्रत्येक कानडी ओळीखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ. आणि समासात शेरे. हा शब्द चालीत बसत नाही, ओढून बसवलाय. इथं मराठीपेक्षा कानडी गोड वाटतंय. ह्याला आपल्यात शब्द नाही, आईला विचारलो, तिलाबी ठाऊक नाही. एका ठिकाणी एका कानडी शब्दाचे तीन अर्थ लिहून दोन खोडले होते आणि तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह होते. अशी चौदा गाणी. चौदावे अर्धे. तिथे मी वही हिसकावली असणार.

वाचकहो, मी मराठीचा एम.ए. आहे. अनुवाद म्हणजे काय, भाषांतर आणि रूपांतर यांत फरक काय, यावर मी पानेच्या पाने लिहिलेली आहेत. त्या पंधरा वर्षांच्या पोराने नटीच्या फोटोच्या नादाने जे केले होते, ते करायला सांगितले असते तर आमचे निम्मे शिक्षक रजेवर गेले असते. आणि ज्या कानडी विषयात तो जेमतेम तरला, तो विषय त्याने त्या वहीत आपला आपण शिकून घेतला होता. आम्ही त्याला काय शिकवले? की तुझी आवड ही लाजेची गोष्ट आहे.

यात संस्कृतिरक्षणाचा काय संबंध, असे कुणी विचारील. सांगतो. भाषा सक्तीने टिकत नाही, हे आम्ही गेली कित्येक वर्षे कर्नाटक सरकारला सांगत आहोत. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही काळा दिवस पाळत आलो ते याच तत्त्वासाठी. महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटले आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवले. ते आम्ही नाकारले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तारखांवर तारखा पडल्या. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरे दिसली की काळे फासायला येणारे हात आम्ही ओळखतो. सातबारा-उतारा वाचता न येणारा मराठी शेतकरी तलाठ्याच्या दारात कसा ताटकळतो, हेही मी रोज पाहतो. हा अन्याय खरा आहे आणि त्याविरुद्धची लढाई मला मान्य आहे. परंतु जे तत्त्व आम्ही बेंगळूरला ऐकवतो, तेच आमच्या घरातल्या पोराला लावताना आमची जीभ का अडखळते? तू हेच ऐक, हेच पाहा, हेच आवडून घे, अशी सक्ती आम्ही केली तर ती गोड कशी होते?

आणि या सक्तीचा हिशेब मांडाच. ज्या पोराला आपण दहा वर्षे बजावतो की मराठी म्हणजे कर्तव्य, मराठी म्हणजे मोर्चा, मराठी म्हणजे हुतात्म्यांची प्रतिज्ञा, ते पोर करमणुकीसाठी कुठे जाईल? जिथे कुणी त्याला बजावत नाही तिथे. २०२२ साली 'केजीएफ'चा दुसरा भाग आला तेव्हा माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी यशसारखी दाढी वाढवण्याचा प्रयत्न केला. ज्यांना दाढीच नव्हती त्यांनी पेनाने काढली. त्याआधीच्या वर्षी ऑक्टोबरात पुनीत राजकुमार अकाली गेला, तेव्हा मराठी घरांतली पोरे दोन दिवस जेवली नाहीत. हे मी हसण्यावारी नेत होतो. आता मला वाटते, त्या दोन दिवसांत एखाद्या शिक्षकाने वर्गात म्हणायला हवे होते, "बाळांनो, तो तुम्हाला का आवडायचा ते मराठीत लिहून आणा." चाळीस निबंध आले असते, आणि त्यांत 'माझा आवडता नेता' या निबंधातले एकही उसने वाक्य नसते.

शंकर नाग आणि अनंत नाग हे भाऊ कानडी चित्रपटाचे लाडके. पण नटाचे शिक्षण घेतले मुंबईच्या नाटकांत, मराठी नाटकांतही. '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेला शंकर नागचा हात लागलेला आहे. आणि मद्रासेत ज्याच्या चित्राला दुधाचा अभिषेक होतो तो रजनीकांत म्हणजे बेंगळुरातल्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड. त्या घरातल्या पोराला कुणी दटावले असते, की बाबा रे, तमिळ सिनेमा आपला नव्हे, तर बेंगळूरच्या बसमध्ये एक चांगला कंडक्टर जन्मभर तिकिटे फाडत राहिला असता.

एक मान्य केले पाहिजे. छंद आणि चाळा यांत अंतर आहे. मोबाईलवर बोट सरकवत रात्री दोनपर्यंत जे पाहिले जाते आणि सकाळी ज्यातले काही आठवत नाही, त्याला मी छंद म्हणणार नाही. छंदात माणूस काहीतरी निवडतो, जमवतो, त्यावर भांडतो. दिवाळीत आमच्या बेळगावची मुले जे किल्ले करतात ते पाहा. महिनाभर आधीपासून माती, दगड, गोणपाट गोळा होते. बुरूज नकाशाप्रमाणे आहे की नाही यावर मारामारी होते. गल्लीतल्या कानडी घराचा मुलगा चिखलात गुडघाभर उभा राहून राजगडाची माची लिंपत असतो, आणि त्याला तेव्हा कुणी त्याची मातृभाषा विचारत नाही. हा खेळ शिकवायला कुठल्या समितीने ठराव केला नव्हता.

आता जिभेच्या चोचल्यांविषयी, कारण तो आरोप मला जास्त झोंबला आहे.

आमच्याकडे एक शब्द आहे, जवारी. बेळगावात, निपाणीत, कोल्हापुरात, तिकडे धारवाड-गदगपर्यंत तो चालतो. जवारी वांगे, जवारी कोथिंबीर, जवारी कोंबडी. इथल्या मातीचे, इथल्या बियाणाचे, थोडे ओबडधोबड, पण चवीला खणखणीत, असे काहीतरी त्यातून सांगायचे असते. हा शब्द कानडी की मराठी, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. निपाणीच्या बाजारात आईबरोबर जायचो तेव्हा ती पाटीतले प्रत्येक वांगे देठाला धरून फिरवून बघे. भाजीवाली वैतागे, "घेतासा का नुसतं बघतासा?" आई म्हणे, "आठवडाभर खकाणाच खाल्लाय बाई, आज तरी चव घिऊ दे." आठवड्याच्या मजुरीतला मोठा भाग त्या एका दिवसाच्या कालवणावर जाई. शेजारणी तिला उधळी म्हणत. ज्याने सहा दिवस तंबाखूची धूळ गिळली त्याला सातव्या दिवशी ताज्या वांग्याची चव कळू नये, असे म्हणणारी जी संस्कृती असेल ती माझी नव्हे.

आणि ही चव म्हणजे नुसते खाणे नव्हे. संकेश्वरची मिरची तिखटाला आणि ब्याडगी रंगाला, हे प्रमाण ज्या बाईला ठाऊक असते तिला दोन मुलखांचा भूगोल ठाऊक असतो. मांडे करायचे तर पुरणपोळीहून पातळ, रुमालासारखा लाटा हातावर फिरवून पालथ्या भांड्यावर टाकावा लागतो. ते हात आता गावात मोजके उरले. बेळगावची बासमती शिजताना शेजारच्या घरी वास जायचा, असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकायचे, कारण शेते कापून तिथे वसाहती झाल्या. तो कुंदादेखील राजस्थानाकडून आलेल्या मिठाईवाल्यांनी इथे रुजवला असे जुनी माणसे सांगतात. दूध तासन्‌तास आटवून, साखर तांबूस करून, कणीदार होईतो हलवत राहायचे. म्हणजे मारवाडी हात, बेळगावचे दूध, आणि खाणारे आपण सगळे. त्याला कुठल्या राज्याचा अधिवास दाखला देणार?

मराठीतले हे शब्द, चाळणे, कुटणे, आटवणे, लाटणे, निवडणे, पारखणे, हे सगळे स्वयंपाकघरात आणि बाजारात जिवंत आहेत. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. त्यांच्या गोष्टीतली माणसे ट्रकवाली, वखारीतली, गॅरेजातली. त्या माणसांना जे आवडते, जे ती खातात, ज्यावर ती हसतात, ते वगळून त्यांची मराठी तुम्हाला मिळणारच नाही. आमच्या संमेलनांत मात्र व्यासपीठावर 'माय मराठी' आणि ताटात पनीर! पुढच्या वर्षी त्याच संयोजकांना मी पत्र पाठवणार आहे की वर्गणी देतो, पण जेवणात भाकरी, जवारी वांग्याची भाजी आणि उकडलेली रताळी असतील तर. गावातल्या बायका रांधतील, आणि त्या रांधताना ज्या बोलतील ते ऐकायला एखादा कवी पाठवा.

वहीचे राहिले. त्या मुलाचा शोध घेतला. तो आता गोव्याला भाजी घेऊन जाणारी गाडी चालवतो. मध्यरात्रीनंतर बेळगावच्या मार्केटातून निघायचे, चोर्ला घाटातून उतरायचे, उजाडताना तिकडच्या बाजारात माल द्यायचा. एका पहाटे मार्केटात जाऊन उभा राहिलो. कोबी, फ्लॉवर, मिरचीच्या पोत्यांच्या राशीत तो ओळखू आला. मला पाहून त्याने पहिल्यांदा गाडीतला टेप बंद केला. सात-आठ वर्षांनीही!

मी वही पुढे केली. म्हणालो, "चुकलं माझं." एवढेच जमले, वर्गासमोर हसवलेला माणूस चारचौघांत माफी मागताना शब्द विसरतो.

त्याने हात पँटला पुसले, वही उघडली, पाने उलटली. बराच वेळ. मग म्हणाला, "ह्यो शब्द तवा कळला न्हवता ओ सर. आता कळालाय. गदगचा एक डायवर हाय आमच्यात, त्यानं सांगितलं." आणि माझ्या खिशातले तांबडे पेन मागून घेऊन त्याने ते प्रश्नचिन्ह खोडले.

यंदाच्या आमच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी एक गाणे बसवले आहे. अर्धे मराठी, अर्धे कानडी, एकाच चालीवर. एका संचालकांचे पत्र आले आहे की हे मराठी शाळेच्या परंपरेला शोभणारे नाही, तरी मुख्याध्यापकांनी खुलासा करावा. खुलासा म्हणून या लेखाची प्रत पाठवीत आहे. गाणे कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे.